‘डिजिटल फोर्ट्रेस’: गणित कुठे चुकलं, भीती कुठे खरी ठरली

फेब्रुवारी २०२५मध्ये ॲपलने ब्रिटनमधल्या ग्राहकांना कळवलं, की आयक्लाउडवरच्या फोटो-फाइलींसाठीची सर्वांत कडक सुरक्षा यापुढे तिथे मिळणार नाही. ब्रिटिश सरकारने कायद्याचा आधार घेऊन त्या माहितीपर्यंत पोचायची वाट मागितली होती. ॲपलने वाट करून दिली नाही, पण ती सोयच तिथून काढून घेतली. त्याआधी एप्रिल २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात व्हॉट्सॲपच्या वकिलांनी सांगितलं होतं, की संदेशांची सुरक्षा मोडायला लावलीत तर आम्हाला भारतातून जावं लागेल.

अशा बातम्या वाचताना गोंधळ होतो. आपले संदेश सुरक्षित आहेत असं फोनच सांगतो. मग सरकारं इतकी हट्टाला का पेटतात? आणि एवढे अवाढव्य संगणक असलेल्या सरकारांना परवानगी मागावी तरी का लागते?

डॅन ब्राउनची पहिली कादंबरी ‘डिजिटल फोर्ट्रेस’ नेमकी याच भांडणावर उभी आहे. ती १९९८मध्ये आली तेव्हा फारशी खपली नाही. २००३मध्ये ‘द दा विंची कोड’ने जग हलवल्यावर लोकांनी ही शोधून वाचली. तिचं गणित अनेक ठिकाणी चुकतं, आणि तरीही आजच्या बातम्या समजून घ्यायला मला ती फार उपयोगी वाटते. पुढे कादंबरीचा शेवट उघड केला आहे, तेव्हा जिला किंवा ज्याला ती आधी वाचायची असेल त्यांनी इथे थांबावं.

## गोष्ट थोडक्यात

नॅशनल सिक्युरिटी एजन्सी, म्हणजे एनएसए, ही अमेरिकेची इतरांचे संदेश ऐकणारी आणि आपले संदेश राखणारी संस्था. १९५२मध्ये स्थापन झालेली, मेरीलँडमधल्या फोर्ट मीड इथली. कादंबरीत तिच्याकडे ‘ट्रान्सलेटर’ नावाचा गुप्त महासंगणक आहे. त्यात तीस लाख प्रोसेसर आहेत आणि जगातला कुठलाही सांकेतिक संदेश तो काही मिनिटांत उलगडतो. जगाला मात्र वाटतं, की असं यंत्र नाहीच.

एन्सेई तान्काडो हा एनएसएचा माजी तज्ज्ञ. हिरोशिमाच्या किरणोत्साराचे परिणाम अंगावर घेऊन जन्मलेला. यंत्राबद्दल जगाला खरं सांगा, अशी त्याची मागणी आहे. ती मान्य होत नाही म्हणून तो ‘डिजिटल फोर्ट्रेस’ नावाची अभेद्य कूटपद्धत इंटरनेटवर ठेवतो. तिची किल्ली फक्त त्याच्याकडे. मग स्पेनमध्ये सेव्हिल शहरात तो मरतो आणि ज्या अंगठीवर किल्ली कोरली आहे असं सगळ्यांना वाटतं ती हातोहात भलतीकडेच जाते. एनएसएचा उपप्रमुख ट्रेव्हर स्ट्रॅथमोर अंगठी शोधायला डेव्हिड बेकर या भाषांच्या प्राध्यापकाला पाठवतो. बेकरची वाग्दत्त वधू सुझन फ्लेचर ही एनएसएची मुख्य कूटतज्ज्ञ. एकीकडे सेव्हिलमधला पाठलाग, दुसरीकडे बंद इमारतीतला गोंधळ. सगळं जेमतेम एका दिवसात.

ब्राउनने सांगितलं आहे, की कल्पना सुचली ती तो न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेत शिकवत असताना. एका विद्यार्थ्याने ईमेलमध्ये राष्ट्राध्यक्षांबद्दल काहीतरी धमकीवजा लिहिलं आणि राष्ट्राध्यक्षांचं रक्षण करणाऱ्या सिक्रेट सर्व्हिसचे लोक शाळेत येऊन थडकले. मुलाचं खासगी पत्र यांना कळलं कसं, हा प्रश्न त्याच्या डोक्यात राहिला. कादंबरीत जिथे जिथे ही मूळ अस्वस्थता दिसते तिथे ती दमदार आहे.

## कुलूप आणि किल्ली

एन्क्रिप्शन म्हणजे मजकूर अशा रीतीने विस्कटणं, की योग्य किल्ली असल्याशिवाय तो पुन्हा जुळवता येऊ नये. किल्ली म्हणजे एक मोठी संख्या. प्रवासाच्या बॅगेला आकड्यांचं कुलूप असतं, ते डोळ्यांसमोर आणा. तीन चकत्या, प्रत्येकीवर शून्य ते नऊ. एकूण १,००० जुळण्या. निवांत बसलात तर तासाभरात सगळ्या लावून होतील. चौथी चकती लावली की काम दहापट, पाचवी लावली की शंभरपट. बनवणाऱ्याने एकच चकती वाढवायची, फोडणाऱ्याचे कष्ट मात्र दहापटीने वाढतात.

संगणकात चकतीऐवजी बिट असतो. त्यावर दोनच आकडे, ० किंवा १. त्यामुळे एक बिट वाढला की जुळण्या दुप्पट होतात. सगळ्या जुळण्या एकामागून एक लावून पाहायच्या, ही ट्रान्सलेटरची पद्धत.

ती अगदीच कल्पनेतली नाही. १९७७पासून अमेरिकेत प्रमाण मानली गेलेली डीईएस ही पद्धत ५६ बिटांची होती. जुळण्या सुमारे ७२ वर पंधरा शून्यं. बॅगेच्या भाषेत १७ चकत्या. ही कादंबरी आली त्याच वर्षी जुलैमध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने अडीच लाख डॉलरपेक्षा कमी खर्चात एक यंत्र बांधलं आणि डीईएसची किल्ली ५६ तासांत शोधून दाखवली. सरकार म्हणत होतं हे कुलूप पुरेसं आहे. संस्थेला ते पुरेसं नाही हे सिद्ध करायचं होतं. म्हणजे ब्राउनने हात घातला तो विषय त्या क्षणी अगदी तापलेला होता. हे श्रेय त्याला द्यायलाच हवं.

## ट्रान्सलेटर खरोखर असता तर?

आज बँकेपासून व्हॉट्सॲपपर्यंत ज्या किल्ल्या वापरल्या जातात त्या १२८ किंवा २५६ बिटांच्या असतात. १२८ बिट म्हणजे ३४ वर ३७ शून्यं इतक्या जुळण्या, ३९ चकत्यांचं कुलूप.

आता ब्राउनला हवी ती सगळी सूट देऊ. तीस लाख प्रोसेसर घ्या. त्यातला प्रत्येक सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या तपासतो असं धरा. हे यंत्र जुनं डीईएस डोळ्याचं पातं लवायच्या आत फोडेल. ६४ बिटांना सहा सेकंद लागतील. आणि १२८ बिटांना? सगळ्या किल्ल्या तपासायला सुमारे साडेतीन लाख कोटी वर्षं. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं मानलं जातं. त्याच्या अडीचशेपट काळ.

कादंबरीची सर्वांत मोठी तांत्रिक चूक ही आहे. यंत्र वाढवत गेलं की सगळी कुलपं उघडतील, असं ती मानते. प्रत्यक्षात प्रोसेसर दुप्पट करायला दुप्पट पैसा ओतावा लागतो. किल्लीत एक बिट वाढवायला जवळजवळ काहीच लागत नाही. या शर्यतीत कुलूपवाला कायम पुढे असतो. सरकारं परवानगी मागतात, कायदे करतात, कंपन्यांवर दबाव आणतात, याचं कारण हेच. ट्रान्सलेटर शक्य असता तर ब्रिटनला ॲपलकडे काही मागावंच लागलं नसतं.

## पण क्वांटम संगणक आला की?

हा आक्षेप रास्त आहे. ब्राउननेही ट्रान्सलेटरच्या वर्णनात क्वांटमचं नाव घेतलं आहे. परंतु क्वांटम संगणक म्हणजे ‘फार वेगवान साधा संगणक’ नव्हे. ठरावीक प्रकारच्या गणितांतच तो उजवा ठरतो. अनोळखी माणसांना इंटरनेटवर एकमेकांशी सुरक्षित बोलता यावं म्हणून वापरल्या जाणाऱ्या आरएसएसारख्या पद्धतींना त्याचा खरा धोका आहे; गणितज्ञ पीटर शोर यांनी १९९४मध्येच तो दाखवून दिला. मजकूर विस्कटणाऱ्या पद्धतींच्या बाबतीत मात्र तो फार तर बिटांची ताकद निम्म्यावर आणेल. २५६ बिट वापरले की तिथे पुन्हा १२८ बिटांची भिंत उभी. आरएसएच्या जागी वापरायच्या नव्या पद्धतींची पहिली मानकं अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४मध्ये जाहीरही केली.

## न फुटणारं कुलूप अशक्य आहे का?

कादंबरीत ‘बर्गोफ्स्की तत्त्व’ येतं. पुरेशा किल्ल्या लावून पाहिल्या तर योग्य किल्ली सापडणारच, म्हणून अभेद्य असं काही असूच शकत नाही, असं ते सांगतं. सुझनसारखी तज्ज्ञ या तत्त्वावर अढळ विश्वास ठेवते आणि डिजिटल फोर्ट्रेसबद्दल ऐकून तिच्या पायाखालची जमीन सरकते. गंमत नाही, इथे मला खरंच वाईट वाटतं. कारण हे तत्त्व ब्राउनने रचलेलं आहे आणि खरं गणित त्याच्या कितीतरी पट सुंदर आहे.

अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४९मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सिद्ध केलं, की अभेद्य पद्धत असते. किल्ली मजकुराइतकीच लांब, पूर्णपणे यादृच्छिक आणि एकदाच वापरायची, बस. का फुटत नाही ते पाहा. समजा पकडलेला संदेश तुम्ही सगळ्या किल्ल्यांनी उघडून पाहिलात. एका किल्लीने ‘हल्ला करा’ अशा अर्थाचा मजकूर निघेल, दुसरीने ‘परत फिरा’, तिसरीने कुणाच्या तरी लग्नाचं आमंत्रण. तेवढ्या लांबीचा प्रत्येक मजकूर कुठल्या ना कुठल्या किल्लीने निघतोच. खरा कोणता हे ठरवायला काही साधनच उरत नाही. योग्य किल्ली तुमच्या हातात आलेली असते, ती तुम्हाला ओळखता येत नाही.

ब्राउन या कल्पनेच्या फार जवळ पोचला होता. त्याच्या डिजिटल फोर्ट्रेसमध्ये आतला मजकूर सतत बदलत राहतो, त्यामुळे यंत्राला बरोबर किल्ली लागल्याचं कळतच नाही, असं तो म्हणतो. प्रश्न बरोबर पकडलाय. पण शॅननचा आधार घेण्याऐवजी त्याने खोटं तत्त्व उभं केलं आणि मग ते पाडल्याचा धक्का वाचकाला दिला.

आणि अशी अभेद्य पद्धतही व्यवहारात फुटते, हे आणखी रंजक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोव्हिएत हेरखातं अशाच एकदा वापरायच्या किल्ल्या वापरत होतं. घाईत काही पानं दोनदा छापली गेली, वापरली गेली. अमेरिकी तज्ज्ञांनी १९४३पासून पुढे कित्येक वर्षं त्या संदेशांवर काम केलं आणि त्यातला काही भाग उलगडला. ‘व्हेनोना’ नावाने ते काम ओळखलं जातं. गणित शाबूत होतं. घात केला तो किल्ल्या छापणाऱ्यांच्या घाईने.

कादंबरीतही एक प्रसंग याच जातीचा आहे, आणि तांत्रिकदृष्ट्या मला तोच सर्वांत खरा वाटतो. डिजिटल फोर्ट्रेस ही मुळात कूटपद्धत नसतेच. तो एनएसएची माहिती उघडी पाडणारा घातक प्रोग्राम असतो. अशा गोष्टी अडवणारी गाळणी त्याला अडवतेही. पण स्ट्रॅथमोरला उतावीळ झालेली असते. तो आपला अधिकार वापरून गाळणी बाजूला सारतो आणि फाइल हाताने आत घेतो. वरिष्ठाने नियम ओलांडला आणि किल्ला आतून पडला. मोठमोठ्या कार्यालयांत याच वाटेने घुसखोरी होते.

## हिरोशिमा-नागासाकीचं कोडं

शेवटच्या प्रसंगात घड्याळ धावतंय, भिंतीवरच्या पडद्यावर एनएसएची सुरक्षाकवचं एकेक करून गळून पडतायत आणि प्रोग्राममध्ये विखुरलेली ६४ अक्षरं सापडतात. ती आठ बाय आठच्या चौकोनात मांडून उभी वाचली की एक वाक्य तयार होतं: हिरोशिमा आणि नागासाकीला कारण ठरलेल्या मूलद्रव्यांमधला मूळ संख्येतला फरक. हे चौकोनाचं कोडं छानच आहे. (पुस्तकाच्या अगदी शेवटी ब्राउनने काही आकडे दिले आहेत. ते प्रकरणांचे क्रमांक. त्या प्रकरणांची पहिली अक्षरं चौकोनात मांडली, की ‘आम्ही तुमच्यावर नजर ठेवून आहोत’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य निघतं. चिकाटीच्या वाचकाने जरूर करून पाहावं.)

पण कोड्याचं उत्तर? कादंबरीत ते ३ निघतं, युरेनियम-२३८ वजा युरेनियम-२३५. त्यासाठी ब्राउन सांगतो, की नागासाकीच्या बॉम्बमध्ये प्लुटोनियम नव्हतंच. हे चूक आहे. ६ ऑगस्ट १९४५ला हिरोशिमावर पडलेला बॉम्ब युरेनियम-२३५चा होता आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर पडलेला प्लुटोनियम-२३९चा. दुसऱ्या बॉम्बच्या गाभ्याभोवती युरेनियमचं आवरण होतं हे खरं, पण गाभा प्लुटोनियमचाच.

शिवाय कोडं मूलद्रव्यांमधला फरक विचारतं आणि युरेनियमचे दोन प्रकार म्हणजे एकच मूलद्रव्य. मूलद्रव्यं वेगळी ठरतात ती अणुक्रमांकाने. युरेनियमचा ९२, प्लुटोनियमचा ९४. फरक २. तीही मूळ संख्याच! खरं विज्ञान वापरलं असतं तर कोडं जास्त नेटकं सुटलं असतं. मरताना तान्काडो तीन बोटं दाखवतो, तिथे दोन दाखवायला लावली असती की काम झालं असतं.

## कादंबरीच तर आहे, पाठ्यपुस्तक थोडंच!

खरं आहे, आणि म्हणून प्रत्येक चूक मोजत बसू नये. सेव्हिलच्या ला हिराल्दा मनोऱ्यात बेकर आणि मारेकरी यांची झटापट जिन्यावर होते. खऱ्या मनोऱ्यात वर जायला मुख्यतः उताराच्या वाटा आहेत, पायऱ्या अगदी शेवटी. सेव्हिलकरांना ते खटकेल, मला खटकत नाही. जिन्याच्या जागी उतार ठेवला तरी गोष्ट तशीच घडते.

माझी कसोटी वेगळी आहे. चूक दुरुस्त केली तर गोष्ट टिकते का? नागासाकीची चूक दुरुस्त केली की शेवट कोसळतो. बर्गोफ्स्की काढून शॅनन आणला की सुझनचा धक्का नाहीसा होतो. तंत्रज्ञानावरची थरारकथा वाचकाला ‘हे उद्या घडू शकतं’ असं सांगून धरून ठेवते. ज्या खांबावर छत आहे तो खांब तरी खरा असावा, एवढी अपेक्षा जास्त नाही.

माणसांच्या बाबतीतही कादंबरी उणी पडते. सुझनची बुद्धिमत्ता आकड्यात सांगितली जाते, तिच्या रूपाचं वर्णन पुनःपुन्हा येतं, पण निर्णायक क्षणी ती ताटकळत असते. तान्काडोच्या तथाकथित साथीदाराचं ‘एनडाकोटा’ हे नाव म्हणजे तान्काडोचीच अक्षरं उलटसुलट केलेली. देशातल्या सर्वांत हुशार कूटतज्ज्ञाला हे दिसायला इतकी पानं का लागावीत? वाचकाचं कुतूहल ताणायला लेखकाने पात्राला मंद केलं आहे. जपानी पात्रं आणि कर्णबधिर मारेकरी तर नुसत्या बाहुल्या आहेत.

वेगाला मात्र तोड नाही. १२८ छोटी प्रकरणं, प्रत्येक ऐन क्षणी तोडलेलं. रात्री एकदा हातात घेतली की ठेवणं कठीण.

## स्ट्रॅथमोरचा बेत

आता ज्यासाठी ही कादंबरी मला महत्त्वाची वाटते ते. डिजिटल फोर्ट्रेस ही खरीच कूटपद्धत आहे असं स्ट्रॅथमोरला वाटत असतं, पण त्याला ते नष्ट करायचं नसतं. त्याला ते गुपचूप बदलायचं असतं. त्यात फक्त एनएसएला ठाऊक असलेलं एक मागचं दार ठेवायचं आणि तीच बदललेली प्रत जगभर पसरू द्यायची. लोक तिला अभेद्य समजून वापरतील आणि एनएसए सगळं वाचत राहील. कुलूप फोडण्यापेक्षा कुलूप बनवणाऱ्याच्या कारखान्यात शिरणं सोपं, हे त्याला कळलेलं असतं.

हे अक्षरशः घडलं आहे. स्वित्झर्लंडमधली क्रिप्टो एजी ही कंपनी अनेक दशकं जगभरच्या सरकारांना कूटयंत्रं विकत होती. फेब्रुवारी २०२०मध्ये उघड झालं, की १९७०पासून ती गुप्तपणे अमेरिकेच्या सीआयएच्या आणि पश्चिम जर्मनीच्या गुप्तचर खात्याच्या मालकीची होती. यंत्रांत मुद्दाम कच्चेपणा ठेवलेला असे. गिऱ्हाइकांची संख्या शंभरावर, आणि त्यांत भारतही होता, पाकिस्तानही. दोघांनीही पैसे मोजून ती यंत्रं घेतली होती.

दुसरं उदाहरण याहून सूक्ष्म आहे. किल्ल्या यादृच्छिक असाव्या लागतात आणि तसे आकडे तयार करायला संगणक ठरावीक पद्धती वापरतात. अमेरिकेने २००६मध्ये प्रमाण मानलेल्या अशा एका पद्धतीत मागचं दार असू शकतं, असं दोन संशोधकांनी २००७मध्ये दाखवलं. २०१३मध्ये एनएसएसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने बाहेर आणलेल्या कागदपत्रांनंतर, ते दार एनएसएनेच ठेवलं असणार हा संशय बळावला. २०१४मध्ये ती पद्धत मानकातून काढून टाकण्यात आली.

तान्काडोने ज्यासाठी जीव पणाला लावला ती कबुली जगाला अखेर स्नोडेनमुळेच अंशतः मिळाली. १९९८मध्ये अशी शंका घेणाऱ्याला बरेच जण भ्रमिष्ट म्हणाले असते.

## दार फक्त चांगल्या माणसांसाठी ठेवलं तर?

कादंबरीत स्ट्रॅथमोर हेच म्हणतो, आणि ब्राउनने त्याला खलनायक न करता स्वतःला देशभक्त समजणारा माणूस केलं, हे त्याचं सर्वांत चांगलं काम आहे. दहशतवादी, अपहरणकर्ते यांचे संदेश वाचता आलेच पाहिजेत, हा युक्तिवाद पोकळ नाही. पोलिसांची अडचण खरी असते.

अडचण दाराची आहे. बॅगेच्या कुलपाकडेच परत या. अमेरिकेला जाणाऱ्या बॅगांची काही कुलपं विमानतळावरच्या तपासनिसांना खास किल्लीने उघडता येतात. त्या किल्ल्यांचं छायाचित्र २०१४मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्रात छापलं गेलं आणि २०१५मध्ये लोकांनी त्यावरून थ्रीडी प्रिंटरवर चालणाऱ्या किल्ल्या काढल्या. फक्त सरकारसाठी असलेली किल्ली कुणालाही घरी बनवता येऊ लागली.

फोनच्या बाबतीत हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलं. अमेरिकेत १९९४च्या कायद्याने दूरसंचार कंपन्यांना पोलिसांसाठी ऐकण्याची सोय ठेवावी लागते. २०२४मध्ये उघडकीला आलं, की चीनशी जोडलेले हॅकर या कंपन्यांच्या जाळ्यात घुसले आणि नेमक्या त्या सोयीपर्यंतही पोचले. त्यानंतर डिसेंबरमध्ये अमेरिकेच्याच सायबर सुरक्षा यंत्रणेने महत्त्वाच्या पदांवरच्या लोकांना सल्ला दिला, की एंड-टू-एंड सुरक्षित ॲपवरच बोला. म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कुणाकडेही, ॲप चालवणाऱ्या कंपनीकडेही, किल्ली नसलेलं ॲप.

## मग गुन्हेगार कसे पकडायचे?

ब्राउन हा प्रश्न ट्रान्सलेटर किंवा अंधार, अशा दोन टोकांत मांडतो. प्रत्यक्ष तपास या दोहोंच्या मधल्या जागेत चालतो. कोण कुणाशी कधी बोललं याची नोंद, जप्त केलेला फोन, फुटलेला साथीदार, बँकेचे व्यवहार. न्यायालयाची परवानगी घेऊन एका माणसामागे लागता येतं आणि त्यासाठी कोट्यवधी लोकांच्या कुलपांना दुसरी किल्ली करावी लागत नाही. अर्थात एका माणसामागे लागणारी साधनंही बेलगाम होऊ शकतात. २०२१मध्ये फोनवर हेरगिरी करणाऱ्या पेगॅसस या सॉफ्टवेअरबद्दलचे आरोप झाल्यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल याच न्यायालयाने २०१७मध्ये दिलेला होता.

अंगठीवर कोरलेलं वाक्य प्राचीन रोमन कवी जुव्हेनालचं निघतं: पहारेकऱ्यांवर पहारा कोण ठेवणार? कादंबरी हा प्रश्न ऐन भरात आणते आणि नंतर हातातून सोडून देते. एनएसएची माहिती बचावते, प्रेमिक भेटतात आणि उपसंहारात एक जपानी उद्योगपती हा तान्काडोचा बाप असल्याचं कळतं. तान्काडोच्या मागणीचं काय झालं, हे विचारायला तिथे कुणी उरलेलं नसतं. ज्यांना गोष्ट पुढे वाचायची आहे त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयातल्या व्हॉट्सॲपच्या खटल्याच्या बातम्या वाचाव्यात. संदेश मुळात कुणी पाठवला हे शोधून द्या, अशी २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतली अट, आणि कुलूप न मोडता ते शक्य नाही हे कंपनीचं म्हणणं, असा तो वाद आहे.